रिंगच्या अलीकडे

धुराचा पहिला संशय नेहमी स्वतःच्या गॅसवर जातो. परवा सकाळी तसंच झालं. अर्धवट झोपेत उठून मी स्वयंपाकघरात गेले, दूध उतू गेलंय का पाहिलं, शेगडीची बटणं चाचपली, टोस्टरचा प्लग काढला. काहीच करपलेलं नव्हतं. मग खिडकीशी आले. समोरचा ब्लॉक जागेवर होता, पण त्यावरचा नंबर वाचता येत नव्हता. आमच्या अकराव्या मजल्यावरून एरवी दिसणारी बिशानच्या बागेतली झाडं कुणीतरी ओल्या बोटानं पुसल्यासारखी फिकट झाली होती.

"काय करपवलंस?" श्रीकांत आतून ओरडला.

"मी नाही. शेजारच्या बेटावरचं रान पेटलंय."

"मग खिडकी लाव. शेजारधर्म पुरे झाला."

हेझ. आमच्या या बेटावरच्या शहरात सगळे त्याला एवढंच म्हणतात. उन्हाळा-पावसाळा असे ऋतू आम्हाला नाहीत; बारा महिने तोच उकाडा, तोच दुपारचा पाऊस. पण काही वर्षांनी एकदा वारा फिरतो आणि जळक्या मातीचा वास घेऊन येतो. तो वास पडद्यांत बसतो, उशीत बसतो, सुकत घातलेल्या टॉवेलात बसतो. आणि माणसं बदलतात. हवेतल्या प्रदूषणाचा आकडा दर तासाला जाहीर होतो, तरी प्रत्येकाचं नाक म्हणतं की खरा आकडा याहून मोठा आहे. लिफ्टमध्ये कुणी खोकलं की बाकीचे छताकडे बघतात. माळ्यावरचे जुने मास्क निघतात, आणि त्यांचं रबर सैल झालंय हे नेमकं त्याच दिवशी कळतं. कुणाचा कशावर विश्वास राहत नाही.

मला हा ऋतू चांगला ओळखीचा आहे. पाचएक वर्षांपूर्वीच्या अशाच धुरात मी एका मुलीचं नुकसान केलं. हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. श्रीकांतलाही नाही. मी मुळात कमी बोलणारी; आमच्याकडे म्हणायचे, अनघाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे नारळ सोलायचा. त्या स्वभावाचा लोकांनी सभ्यपणा म्हणून गौरव केला. त्याच्याआड काय काय लपवता येतं हे फक्त मला माहीत आहे.

संशय घेणं ही माझी नोकरीच आहे, असं म्हटलं तरी चालेल. एका बँकेच्या सॉफ्टवेअरची तपासणी करणाऱ्या टीमची मी मॅनेजर. दुसऱ्यानं "चालतंय" म्हटलं की "कशावरून?" असं विचारायचा मला पगार मिळतो. शनिवार-रविवारी मात्र मी हेच काम बिनपगारी करायचे, आणि ते मला जास्त आवडायचं. सेरंगूनच्या बाजूला एक खाजगी कॉलेज आहे, नाव सांगत नाही. त्यांच्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी मी खेळाडू हेरायचे.

त्याची सुरुवात साधी होती. शनिवारी पहाटे मी ब्लॉकखालच्या कोर्टवर एकटी बॉल टाकत बसायचे. पुण्यात कॉलेजात असताना खेळत होते, हात अजून विसरला नव्हता. एकदा एक बाई कठड्यावर बसून पंधरा-वीस मिनिटं बघत राहिली. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी, हातात काळ्या बिनसाखरेच्या कॉफीची प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात स्ट्रॉ. ती कोच लिम. म्हणाली, "अंटी, यू शूट व्हेरी नाइस. सो शॉर्ट, हाउ कम?" मला अंटी म्हणणारी ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी होती. पुढे तिनं सांगितलं की इथे इंडियन शाळांमधून उंच मुली खूप आहेत, पण त्यांच्या आयांशी बोलायचं कुणी? "यू टॉक. यू अंटी, दे अंटी. कॅन?"

कॅन, म्हटलं.

कॉलेज मधल्या फळीतलं. मधल्या फळीचं दुखणं वेगळंच असतं. वरच्या कॉलेजांकडे मुली आपण होऊन येतात, तळाच्यांकडून कुणाची अपेक्षा नसते. मधल्यांना मात्र दारोदार हिंडावं लागतं. आणि आम्हाला हवी होती ती सगळ्यांत दुर्मीळ चीज: उंच मुलगी, जी लांबून बॉल टाकते. कोच लिम हात उडवून म्हणायची, "टॉल गर्ल गॉट. शूटर गॉट. टॉल गर्ल हू कॅन शूट, वेअर गॉट?"

नसतेच. कारण उंच मुलीला सहावीपासून रिंगखाली उभं करतात. हात वर कर, हलू नकोस, आलेला बॉल पकड आणि दे. लांबून टाकायचं काम बुटक्यांचं. त्यामुळे उंच आणि लांबून टाकणारी मुलगी म्हणजे जी आधी बुटकी होती, बुटक्यांचं काम शिकली, आणि मग अचानक वर्षा-दोन वर्षांत वाढली ती. अशी मुलगी ओळखायची माझी एक खूण होती. मी चेहरा बघायचे नाही, शाळेच्या स्कर्टची दुमड बघायचे. आईनं उसवून खाली सोडलेली, जुन्या शिवणीची फिकट रेघ दिसणारी. एका स्कर्टवर दोन रेघा दिसल्या की माझे कान टवकारायचे.

उंचीवर तर मी कधीच विश्वास ठेवला नाही. प्रत्येक आई दोन इंच वाढवून सांगते. (लग्नाच्या वेळी त्याच आया दोन इंच कमी करून सांगतात, असं एका आईनंच मला हसत सांगितलं होतं.) मी अनवाणी उभं करायचे, टाचा भिंतीला, डोक्यावर पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक, आणि तेही संध्याकाळी. सकाळी माणूस थोडा उंच असतो, दिवसभरात पाठीचा कणा दबतो. कोच लिम बघून हसायची, "यू ट्रस्ट नोबडी, आह?"

मलाही ते कौतुक वाटायचं.

त्या धुराच्या आदल्या वर्षी आम्ही एक मुलगी हातची घालवली होती. तिनं शब्द दिला, आमच्या जर्सीत फोटो काढला, कोच लिमनं तिच्या सगळ्या कुटुंबाला चिकन राइस खाऊ घातला, आणि अर्जाच्या दिवशी ती दुसऱ्या कॉलेजात. वर नंतर कळलं ते असं: तिचं आधीच तिकडे ठरलं होतं, पण आईवडिलांना आम्हाला तोंडावर नाही म्हणता येईना, म्हणून चाचणीत तिनं मुद्दाम चुका केल्या होत्या, आपण होऊन तिला सोडावं म्हणून. तरीही आम्ही तिला घेतलं होतं! "शी ईट माय चिकन राइस, यू नो," कोच लिम पुढे महिनाभर म्हणत होती. मी मनाशी गाठ मारली. पुढच्या वेळी मुद्दाम चुकणारी मुलगी मला आधी ओळखू येईल.

शाल्मली मला चोआ चू कांगला सापडली, जूनच्या सुट्टीत, ब्लॉकांच्या मधल्या कोर्टवर. भर दुपारी. बाकीच्या मुली सावलीला बसलेल्या आणि ही एकटी बाहेरच्या रेषेमागून बॉल टाकतेय. पाच फूट अकरा. हात असा वर जायचा की जणू फळीवरचा डबा काढतेय, काही घाई नाही, आणि बॉल जाळीतून पडताना आवाजसुद्धा मोजका. मी वीस मोजले. सोळा आत. सुट्टीतही अंगात शाळेचाच जुना स्कर्ट, त्यावर तीन रेघा.

बाकावर तिची आई बसली होती, संध्याताई. मांडीवर डबा, डब्यात घावन. मी मराठीत बोलले तेव्हा त्या इतक्या दचकल्या की झाकण खाली पडलं.

"अगं बाई, तुम्ही आपल्या? मला वाटलं कुठल्या क्लासची जाहिरात करताय."

"मुलगी छान खेळते तुमची."

"खेळते हो. पण घरात पंखा लावायची चोरी झालीय. आळस दिला की हात पात्यात."

"आई!" शाल्मली तिकडून ओरडली. "डोन्ट टॉक अबाउट मी लाह!"

"बघा. लाह म्हणे. देवगडची पोर."

मग पुढचा महिनाभर मी त्यांच्या घरी जाऊन-येऊन असायचे. म्हणून ही जागा तिच्यासाठी काय होती ते मला सगळं माहीत होतं, आणि म्हणूनच माझं चुकलं त्याला अजाणतेपणाचं कारण देता येत नाही. शाल्मलीचे वडील मरीन इंजिनियर, जहाजं सोडून इथल्या ऑफिसात स्थिरावलेले. त्यांच्या कंपनीनं ते ऑफिस मुंबईला हलवायचं ठरवलं होतं. वर्षअखेर नोकरी तिकडे, म्हणजे त्यांचा पास, इथे राहायचा परवाना, रद्द, म्हणजे बायको-मुलीचाही. संध्याताईंना परत जायचं होतं, ठाण्यात घर होतं. शाल्मलीला राहायचं होतं. ती दोन वर्षांची असल्यापासून इथेच वाढलेली. ठाणे तिच्यासाठी आजीकडचा मे महिना. राहायचा एकच रस्ता होता: कॉलेजात खेळाच्या कोट्यातली जागा, त्याबरोबर हॉस्टेल, त्याबरोबर विद्यार्थी म्हणून तिचा स्वतःचा पास. अशी जागा आमच्याकडे वर्षाला एक.

"एकटी ठेवायची म्हणजे माझ्या जिवाला घोर," संध्याताई म्हणायच्या. "पण मिळाली जागा तर मी आड येणार नाही. तसा शब्द दिलाय मी तिला."

शाल्मली माझ्याकडे बघून भुवया उडवायची. त्या घरात तो शब्द रोज एकदा तरी निघायचा.

चाचणी सप्टेंबरात होती, आणि सप्टेंबरात हेझ आला.

तो हॉल मला आजही नाकानं आठवतो. घामट मॅट, रबर, आणि त्यावर तो जळका वास. वरच्या झडपा गंजून अर्धवट उघड्या राहिलेल्या, त्यातून धूर आत यायचा आणि दिव्यांभोवती पिवळा गोळा होऊन राहायचा. तीन दिवसांची चाचणी, संध्याकाळची. खरं तर पुढे ढकलायला हवी होती. पण यादी द्यायची तारीख कॉलेजनं ठरवलेली, आणि कोच लिमनं कॉलेजशी भांडून पाहिलं तरी ती हलली नाही. "इनडोअर वॉट," म्हणजे आतच तर खेळायचंय, असं उत्तर मिळालं म्हणे.

पहिल्या दिवशी शाल्मलीनं दहा मिनिटं सुरेख बॉल टाकले आणि मग चुकायला लागली. प्रत्येक बॉल अगदी सरळ जायचा आणि रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायचा. बोटभर अलीकडे. दुसऱ्या दिवशी तेच. दर थोड्या वेळानं ती "टॉयलेट" म्हणून बाहेर पळायची, हातात एक छोटी कापडी पिशवी घट्ट धरलेली. परत आली की पाच मिनिटं ठीक, मग पुन्हा रिंगच्या अलीकडे. पाणी घ्यायला आली तेव्हा मी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"ओके ओके, मावशी. फक्त नर्व्हस." आणि नजर दुसरीकडे.

त्या नजरेनं माझ्या डोक्यात घंटा वाजली. पिशवीत फोन असणार. बाहेर जाऊन कुणाशी बोलते? कडेच्या बाकांवर टोपी घातलेला एक माणूस दोन दिवस बसला होता, तो कुणाचा? (कुणाचाच नव्हता, वॉचमनचा भाऊ होता, हे नंतर कळलं.) आणि संध्याताईंना तर परत जायचंच आहे. त्यांना आम्हाला नाही म्हणता येत नसेल, म्हणून पोरीला सांगितलं असेल: चूक मुद्दाम, आपोआप सुटशील. किंवा हिचंच दुसऱ्या कॉलेजशी ठरलं असेल. कुठूनही धरलं तरी एकाच जागी येत होतं. संशयाची ही मोठी गंमत आहे, त्याला पुरावा शोधावा लागत नाही, समोर येईल ते त्याला पुरावाच वाटतं.

आता जे लिहितेय ते लिहायला मला पाच वर्षं लागली. मुद्दाम चुकणारा माणूस डावीकडे चुकतो, उजवीकडे चुकतो, कधी फळीच्या वरून टाकतो. ज्याचा बॉल सरळ जाऊन बोटभर अलीकडे पडतो, त्याचा नेम गेलेला नसतो, त्याच्या अंगातला जोर गेलेला असतो. पाय थकलेत नाहीतर दम संपलाय. हे खेळलेल्या कुणालाही कळतं. मला कळत नव्हतं का? मी वीस वर्षांची असल्यापासून मला हे कळतंय.

मग? खरं सांगायचं तर त्याच्या मागे पुण्याची एक दुपार आहे. राज्याच्या संघाची निवड होती, मी जीव तोडून टाकत होते, आणि निवड करणारे एक गृहस्थ माझ्यासमोरच शेजारच्याला म्हणाले, "हात बघा काय आहे पोरीचा. पण पाच फूट एकला काय करायचं?" दोघं हसले. मी बूट काढून पिशवीत भरले आणि घरी आले. शाल्मलीकडे माझा हात होता, आणि वर ते दहा इंच होते. त्या दहा इंचांचं ती काही करत नव्हती, माझ्या डोळ्यांदेखत रिंगच्या अलीकडे टाकत होती. मला तिचा राग येत होता. हेवा म्हणा. हेवाच होता.

तिसऱ्या दिवशी कोच लिमनं मला बाजूला घेतलं. "युअर टॉल गर्ल. वॉट हॅपन?"

मी म्हटलं, "मुद्दाम चुकवतेय. घरच्यांचं काहीतरी दुसरं ठरलेलं दिसतंय."

"शुअर?"

"शुअर."

तिनं पिशवीतली उरलेली कॉफी एका दमात ओढली. मागच्या वर्षीचा चिकन राइस आम्हा दोघींच्या मधे उभा होता.

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत मला ती कापडी पिशवी दिसली. बाकाखाली राहिलेली. मी दार लोटलं आणि ती उघडली. दुसऱ्याची पिशवी! पण मला खात्री होती की आत फोन असेल, दुसऱ्या कॉलेजचं पत्र असेल, काहीतरी असेल. आत दोन केसांची रबरं होती, एक घडी घातलेला रुमाल, आणि दम्याचा निळा पंप. इतका वापरलेला की त्यावरचा कागद अंगठ्याच्या जागी झिजला होता.

मी बाकावर बसले. यादी जायला अजून दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी शाल्मलीला फोन करून आमच्या स्टेशनवर बोलावलं. ती गाडीनं आली; ती तिकिटाच्या फाटकाच्या आत, मी बाहेर. म्हटलं बाहेर येऊन कशाला कार्ड टेकवतेस, आणि कठड्यावरून पिशवी दिली. तिनं ती पोटाशी धरली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"मावशी, तुम्ही उघडली नाही ना?"

मला एवढंच म्हणायचं होतं: उघडली, आणि आत्ताच्या आत्ता कोचना सांगू. दम्याची मुलगी खेळू शकते, औषध नीट घेतलं, हवा बरी असली की उत्तम खेळते, आमच्याच संघात एक होती. हिला वाटत होतं कळलं तर काढून टाकतील, म्हणून आईलाही गप्प करून लपवलेलं. सगळं दोन वाक्यांत सुटलं असतं. पण मग मला कोच लिमसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की मी "शुअर" म्हटलं ते खोटं होतं, आणि मी एका मुलीची पिशवी चोरून उघडली.

"नाही गं," मी म्हटलं. "मी कशाला उघडू?"

तिचा चेहरा असा सैल झाला! हसली. "थँक्यू हं मावशी," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मी दोन दिवस गप्प राहिले. एवढंच केलं. लोक पाप करतात म्हणजे काहीतरी करतात असं वाटतं. मी ऑफिसला गेले, भाजी आणली, फोन सायलेंटवर ठेवला. यादीत दुसऱ्या मुलीचं नाव गेलं. पाच फूट सहा, ठीकठाक खेळणारी. पुढे तिचा गुडघा गेला, तो वेगळा विषय.

डिसेंबरात ते कुटुंब ठाण्याला गेलं. मला विमानतळावर बोलावलं होतं. मी मीटिंग आहे म्हटलं.

त्यानंतर मी खेळाडू हेरायचं काम सोडलं. गुडघे दुखतात असं सांगितलं. कोच लिमशी मैत्री राहिली, म्हणजे महिन्यातून एकदा हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर एकत्र नाश्ता, आणि त्यात बास्केटबॉल सोडून सगळे विषय. संध्याताईंशी सणासुदीचे निरोप. मला वाटलं होतं, झालं ते झालं, मुलगी तिकडे शिकली, नोकरीला लागली, आयुष्य कुठल्याही शहरात होतंच. पाच वर्षं मी हे वाक्य रोज थोडं थोडं घासून गुळगुळीत केलं होतं.

आणि परवा, इकडे धूर आला त्याच दिवशी, संध्याताईंचा फोन.

"बातम्यांत दाखवतायत. तुमच्याकडे पुन्हा तो धूर आला का हो?" मग, "मला ते बघून बघून शाल्मलीचं सगळं आठवलं."

"कशी आहे ती?"

"बरी आहे. नोकरी आहे, दमा आटोक्यात आहे. पण अनघाताई, घरात पाहुण्यासारखी राहते हो. जेवलीस का, जेवले. उशीर होईल का, होईल. पोटातलं काही बोलत नाही माझ्याशी. तिला अजून वाटतं, कॉलेजला मीच कळवलं."

"काय कळवलं?"

"त्या कॉलेजचं पत्र आलं होतं ना नकाराचं. त्यात लिहिलेलं, आपल्या कुटुंबाचे दुसरे बेत असल्याचं समजलं, शुभेच्छा. कुटुंबाचे! आता कुटुंब म्हणजे कोण? मीच परत जाऊ म्हणत होते. मी देवाची शपथ घेतली, पण तिला वाटतं मी शब्द मोडला. पाच वर्षं झाली. बाहेरून काही नाही, भांडण नाही. पण मला कळतं ना."

मला बाकी काही ऐकू आलं नाही. ते वाक्य माझं होतं. त्यांच्या मराठी घरात जाऊन-येऊन मी कोच लिमला दिलेलं, तिनं कॉलेजला दिलेलं, कॉलेजनं इंग्रजीत टाइप केलेलं, आणि ते ठाण्याच्या त्या घरात आई आणि मुलीच्या मधे जाऊन बसलेलं. मी समजत होते माझ्या संशयानं एक जागा गेली. तो तर माझ्याकडून निघून दुसऱ्या घरात राहायला गेला होता.

तरी मी संध्याताईंना लगेच सांगितलं नाही. "अगंबाई" म्हटलं आणि फोन ठेवला. सवय.

काल सकाळी कोच लिमला भेटले. हॉकर सेंटरमध्ये अर्धी टेबलं रिकामी, पंख्याखाली धूर हळूहळू फिरतोय, साफसफाईचे काका मास्क लावून ताटल्या उचलतायत. मी तिला सगळं सांगितलं. पिशवी, पंप, फाटक. माझं इंग्रजी मधेच तुटत होतं. ती टोस्टवरचं लोणी सुरीनं पसरत राहिली, टोस्ट फाटेपर्यंत.

मग म्हणाली, "शॉर्ट, बट स्ट्रेट. आय ऑल्सो सॉ." म्हणजे तिलाही दिसलं होतं. "तीस वर्षं कोच आहे मी. मला वाटलं, दम गेलाय मुलीचा. पण तू तिच्या घरी जाणारी. तू तिच्या भाषेतली. मला वाटलं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार."

"सॉरी," मी म्हटलं.

"मला कशाला सॉरी?" तिनं सुरी खाली ठेवली. तिला इतकं चिडलेलं मी कोर्टवरसुद्धा पाहिलं नव्हतं. "माझी एक मॅच गेली. माझ्याकडे दरवर्षी मॅचेस जातात. यू टेल मी फॉर वॉट? टेल द गर्ल."

टेबलावरून उठताना तिनं माझीही ताटली उचलली आणि ट्रे परत ठेवायला घेऊन गेली. परत आली नाही.

आज रविवार. तिकडे ठाण्यात इथल्यापेक्षा अडीच तास मागे असतात, म्हणून अकरापर्यंत थांबले. खरं तर थांबायला कारण मिळालं म्हणून बरं वाटलं. श्रीकांतला म्हटलं, मला एक फोन करायचाय, तू जरा बाहेर जा. "या हवेत?" तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून मास्क लावला आणि गेला.

शाल्मलीनं लगेच उचलला. "मावशी? ऑल ओके?" मागे भांड्यांचे आवाज, मिक्सर.

मी सांगितलं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरुवात करता आली नसती, म्हणून थांबले नाही. माझ्या तोंडून इतके शब्द एका वेळी कधी निघाले असतील असं वाटत नाही. झाल्यावर पलीकडून मिक्सर ऐकू येत होता, चालू, बंद, चालू.

"म्हणजे आईनं नव्हतं कळवलं," ती म्हणाली.

"नाही. मी बोलले होते. आईला यातलं काहीसुद्धा माहीत नाही."

"आणि तुम्ही पंप बघितला होता."

"हो."

"गेटवर मी विचारलं तेव्हा…"

"हो गं."

"मावशी, मी तेव्हा खाली जाऊन प्लॅटफॉर्मवर नमस्कार केला होता. देवाला. उघडली नाही म्हणून." तिचा आवाज अगदी साधा होता, त्यामुळे ते जास्त लागलं. "आणि आईशी मी पाच वर्षं… ती शपथा घेत होती, आणि मी म्हणायचे, हो, बरं."

मी काहीतरी म्हणायला गेले, चुकलं माझं, असंच काहीसं. ती म्हणाली, "आत्ता नका बोलू. मला तुम्हाला काय म्हणायचं ते कळत नाहीये. नंतर कळेल. तेव्हा म्हणेन."

"म्हण," मी म्हटलं.

"आईला तुम्ही सांगू नका. मी सांगते."

फोन ठेवायचा राहिला असावा तिच्याकडून, नाहीतर हातातच धरला असेल. पावलं ऐकू आली. दाराची कडी. मिक्सर थांबला.

"आई, ते राहू दे. जरा इथे बस."

"का गं?" संध्याताईंचा आवाज एकदम वर गेला. "दम लागला का? पंप कुठाय तुझा?"

"नाही गं. काही नाही झालं मला. तू बस ना."

खुर्ची सरकली. मी फोन कापला.